नळातून आलेला आंधळा मासा: बादलीपासून शास्त्रीय नावापर्यंत

केरळात जांभ्यात खोदलेल्या विहिरींवर पंप असतो, पाणी वरच्या टाकीत चढतं आणि एखाद्या सकाळी न्हाणीघरातल्या बादलीत बोटाच्या दोन पेरांएवढा, लालबुंद, डोळेच नसलेला जीव वळवळताना दिसतो. गांडूळ समजून बहुतेक वेळा तो मोरीत ओतला जातो. तो होराग्लॅनिस असतो, म्हणजे मागूर माशाचा जमिनीखालच्या पाण्यात राहणारा भाऊबंद. या कुळातली पहिली जात, होराग्लॅनिस कृष्णाई, १९५० साली कोट्टयमच्या विहिरींतून नोंदली गेली. दुसरीला २००४ उजाडलं, तिसरीला २०१२. चौथी २०२३ मध्ये आली आणि तिचं नाव होराग्लॅनिस पॉप्युली ठेवलं, लॅटिनमध्ये ‘लोकांचा’. विहिरी आणि टाक्या साफ करताना मासे जपून ठेवून कळवणाऱ्या साध्या माणसांमुळे ती हाती लागली, म्हणून हे नाव.

जांभा रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातही आहे. आंधळ्या माशाला जांभाच लागतो असंही नाही. २०२१ मध्ये मुंबईत जोगेश्वरीतल्या एका विहिरीतून वामीसारखा दिसणारा, पूर्ण आंधळा मासा नोंदला गेला आणि मुंबादेवीवरून त्याचं नाव राक्थामिक्थिस मुंबा ठेवलं. म्हणून पुढचं सगळं फक्त संशोधकांसाठी नाही. निम्मं काम विहिरीच्या काठावर होतं, आणि तिथे झालेली चूक प्रयोगशाळेत भरून काढता येत नाही.

आधी ओळखा, मग शोधा

कोकणात ओल्या जमिनीतून निघणाऱ्या लांबट जीवांत चार-पाच सोंगं असतात. वाळा हा साप आहे: अंगावर गुळगुळीत खवले, आणि कल्ल्याची फट कुठेच नाही. देवगांडुळाच्या अंगावर कडी असतात आणि पूर्ण वाढलेल्या देवगांडुळालाही कल्ल्याची फट नसते. राक्थामिक्थिससारखा दलदली वामीच्या कुळातला मासा पालथा करून गळ्याखाली पाहा. तिथे कल्ल्यांची एकच आडवी फट दिसते. याला जोडीचे पर नसतात, त्यामुळे पर शोधत बसू नका, फट शोधा. होराग्लॅनिस मात्र लहान आणि गांडुळासारखा असला तरी भिंगाखाली धरला की तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या दिसतात. मिशा दिसल्या की तो मासाच.

शोधायला तीन वेळा चांगल्या. पहिली, एप्रिल-मेमध्ये विहिरीचा गाळ उपसतात तेव्हा. उपसलेला गाळ काठावर ओतण्याआधी एक मिलिमीटर छिद्रांच्या जाळीतून पाण्याने धुऊन घ्या. दुसरी, पहिला मोठा पाऊस पडून भूजल चढतं तेव्हा. तिसरी वेळ वर्षभर चालते: पंपाच्या पाइपाचं तोंड टाकीत जिथे उघडतं तिथे नायलॉनच्या कापडाची पिशवी बांधा आणि रोज एकदा उलटी करून पाहा. पिशवी घट्ट नको, निदान हातभर लांब आणि सैल हवी. आखूड पिशवीत पाण्याचा जोर सरळ माशावर बसतो आणि त्याची कातडी सोलते. पंपाच्या पात्यांतून आलेला मासा बऱ्याचदा जखमी असतोच, तरी तो टाकू नका. शेपूट तुटलेला नमुनाही डीएनएसाठी कामाचा असतो.

विहिरीत सापळा लावायचा असेल तर प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवा, बाजूने सुईने भोकं पाडा, सुपारीएवढा कोळंबीचा तुकडा आमिष म्हणून ठेवा आणि दोरीने तळाशी सोडा. संध्याकाळी सोडला तर सकाळी काढलाच पाहिजे. आमिष कुजलं की बाटलीतला प्राणवायू संपतो आणि आत आलेले सगळे जीव मरतात.

गुहांचं काम वेगळं आहे, आणि धोक्याचंही. मेघालयात जैंतिया आणि खासी टेकड्यांतल्या चुनखडीच्या गुहा, ज्यांना तिथे ‘क्रेम’ म्हणतात, त्या नोव्हेंबर ते मार्चच्या कोरड्या महिन्यांतच पाहायच्या. बाहेर लांब कुठेतरी पाऊस झाला तरी आतला प्रवाह काही मिनिटांत छातीपर्यंत येतो. तिघांपेक्षा कमी माणसं नकोत, प्रत्येकाकडे तीन स्वतंत्र दिवे, डोक्यावर हेल्मेट, आणि वटवाघळांच्या विष्ठेची धूळ असेल तिथे मास्क. त्या धुळीतल्या बुरशीने फुप्फुसांचा आजार होतो. पाण्यात पाय आपटत चालू नका. आंधळ्या माशाला प्रकाश कळत नसला तरी पाण्यातला हेलकावा तो लगेच टिपतो आणि कपारीत शिरतो. हातजाळी तळावर आडवी टेकवून स्थिर धरा आणि मासा जाळीवर येण्याची वाट पाहा. त्याचा पाठलाग केला तर तो हमखास निसटतो.

कोणाला विचारायचं

मासा खासगी विहिरीत असेल तर मालकाची लेखी संमती घ्या. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात असेल तर वनखात्याची परवानगी आधी हवी. मेघालयात बरीचशी जमीन खासगी किंवा गावाच्या सामायिक मालकीची असते, त्यामुळे गावच्या रांगबा श्नोंगला, म्हणजे गावप्रमुखाला, विचारल्याशिवाय गुहेत पाऊल टाकू नका. परदेशी सहकारी असतील तर जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते, आणि ती वेळखाऊ आहे. अर्ज मोहिमेच्या कित्येक महिने आधी गेला पाहिजे. संस्थेत काम करत असाल तर प्राणी-नीती समितीची मंजुरीही घ्या. नियतकालिकं हे सगळे क्रमांक लेखात मागतात, आणि ते नंतर मागच्या तारखेने मिळत नाहीत.

पहिले बारा तास

मासा मिळाला की त्याच विहिरीच्या पाण्यात ठेवा. नळाच्या, क्लोरीनच्या पाण्यात तो तासाभरात मरू शकतो. दहा लिटरच्या बादलीत चार-पाच लिटर पाणी घ्या, वर ओलं फडकं टाका आणि बादली सावलीत ठेवा. खायला काही घालू नका. हवा सोडायला बॅटरीवर चालणारा लहान पंप असेल तर उत्तम, पण बुडबुडे बारीक असू द्या. घरात काहीच साधन नसेल आणि मासा मेला, तर थोड्या पाण्यासकट पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. बर्फाच्या स्फटिकांनी शरीर थोडं बिघडतं, पण डीएनए टिकतो. सॅनिटायझरच्या जेलमध्ये मात्र ठेवू नका, त्यात मासा आक्रसून वेडावाकडा होतो. मग जवळच्या तज्ज्ञाकडे कळवा. महाराष्ट्रात पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं संग्रहालय.

त्याच दिवशी पाण्याची नोंद करा: तापमान, सामू, विरघळलेला प्राणवायू, विद्युतवाहकता. त्यासोबत विहिरीची खोली, पाण्याची पातळी, काठापासून तळापर्यंत कोणता दगड कितपत आहे आणि जीपीएसचे आकडे. ‘अमुक गावातली विहीर’ एवढी नोंद दहा वर्षांनी कुणाच्याच उपयोगाची नसते, कारण गावात शंभर विहिरी असतात.

आता फोटो. हा मासा लाल दिसतो तो कातडीतल्या रंगामुळे नाही. कातडीत रंगद्रव्य जवळपास नसतं आणि आतलं रक्त दिसतं. मासा मेला की काही तासांत ही लाली जाते आणि जतन केल्यावर तो पिवळट-पांढरा होतो. म्हणून जिवंत असतानाच, पातळ काचेच्या अरुंद टाकीत, मागे काळं कापड लावून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि खालून फोटो घ्या. प्रत्येक चौकटीत मिलिमीटरची पट्टी हवी. डोक्याचा जवळचा फोटो वेगळा: मिशांची मुळं, नाकपुड्या आणि डोळ्याची जागा. डोळ्याची जागा नीट टिपा. तिथे कातडीखाली काळा ठिपका आहे की काहीच नाही, हा फरक पुढे वर्णनात लागतो.

माशाला शांतपणे मारायला लवंगेचं तेल चालतं. एक भाग तेल नऊ भाग इथेनॉलमध्ये मिसळा, कारण तेल थेट पाण्यात टाकलं तर वर तरंगत राहतं. या द्रावणाचे पाच मिलिलिटर एक लिटर विहिरीच्या पाण्यात घाला. कल्ल्यांची हालचाल पूर्ण थांबल्यावरही अर्धा तास मासा तसाच राहू द्या. घाई केली तर फॉर्मलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या रसायनात, टाकल्यावर तो पुन्हा हलतो, आणि हे माशासाठी क्रूर आहे.

यानंतरचा क्रम चुकवायचा नाही: आधी ऊती, मग फॉर्मलिन. फॉर्मलिन डीएनएचे तुकडे करतं आणि त्याला प्रथिनांशी बांधून टाकतं. उजव्या बाजूचा पराचा तुकडा किंवा तांदळाच्या दाण्याएवढा स्नायू स्वच्छ ब्लेडने काढा आणि ९५ टक्क्यांच्या किंवा निव्वळ इथेनॉलमध्ये ठेवा. चोवीस तासांनी इथेनॉल बदला, कारण ऊतीतलं पाणी पहिल्याला पातळ करतं. उजवीच बाजू का? मापं आणि चित्रं जगभर डावीकडून घेतली जातात, म्हणून डावी बाजू अखंड राहिली पाहिजे. हातमोजे घालूनच काम करा. माणसाच्या डीएनएचा डाग लागला तर पुढे डीएनएचा क्रम वाचताना माशाऐवजी तुम्हीच दिसता.

मग फॉर्मलिन. बाजारातलं ३७ ते ४० टक्क्यांचं द्रावण एक भाग आणि पाणी नऊ भाग. त्यात लिटरमागे साधारण तीन ग्रॅम बोरॅक्स घाला. तसं केलं नाही तर आम्लामुळे हाडांतला चुना विरघळतो आणि पुढे क्ष-किरणांत मणके मोजताना हाल होतात. मासा सपाट ट्रेमध्ये सरळ ठेवून, पर असल्यास ब्रशने पसरून, दहा मिनिटं थोड्याच फॉर्मलिनमध्ये ताठ होऊ द्या, मग भरपूर द्रावणात सोडा. थेट बाटलीत टाकला तर तो बाटलीच्या गोलाईप्रमाणे वाकतो आणि कायम तसाच राहतो. तीन-चार सेंटिमीटरच्या माशाला दोन दिवस पुरतात. मोठा असेल तर उजवीकडून पोटाला चीर द्या आणि आठवडाभर ठेवा. त्यानंतर दोन दिवस साध्या पाण्यात, पाणी बदलत, आणि मग ३०, ५० आणि शेवटी ७० टक्के इथेनॉल अशा पायऱ्यांनी. ७० टक्क्यांसाठी ९५ टक्क्यांच्या इथेनॉलचे ७४ मिलिलिटर घेऊन पाण्याने १०० पुरे करा. हे सगळं हवेशीर जागी करा, फॉर्मलिनची वाफ डोळ्यांना आणि फुप्फुसांना खाते.

चिठ्ठी बाटलीच्या आत हवी. ट्रेसिंग पेपरचा तुकडा घ्या आणि शिसपेन्सिलीने लिहा: क्रमांक, तारीख, ठिकाण, गोळा करणारा. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये दोन दिवसांत निळं पाणी होऊन जाते. बाहेर चिकटवलेलं लेबल गळून पडतं, आणि चिठ्ठी नसलेला मासा कोणत्या विहिरीचा हे पुन्हा कधीच कळत नाही.

किती मासे घ्यायचे? भूजलातला हा प्राणी फार कमी संख्येने असतो आणि बहुधा सावकाश वाढतो. तीन ते सहा नमुने पुरेत, बाकीचे जिवंत सोडा, आणि सोडायचे ते त्याच विहिरीत.

तुलना: नवं आहे हे कसं ठरतं

इथे बहुतेक लेख अडखळतात. डोळे नाहीत आणि रंग नाही एवढ्यावरून नवी जात होत नाही. अंधारात राहणाऱ्या माशांत ही दोन्ही लक्षणं पुन्हा पुन्हा, स्वतंत्रपणे येतात. मेक्सिकोतल्या आंधळ्या गुहामाशाला १९३६ मध्ये वेगळ्या कुळाचं नाव दिलं होतं. पण तो बाहेरच्या नदीतल्या अस्टियानॅक्स मेक्सिकॅनसशी बिनदिक्कत संकर करतो, त्यामुळे आज तो बहुतेक त्याच जातीत धरला जातो. आपल्याकडचं उदाहरण छत्तीसगडच्या बस्तरमधलं आहे. कोटुमसर गुहेतला फिकट, अंधुक डोळ्यांचा मासा इंडोरिओनेक्टिस इव्हेझार्डाय म्हणून ओळखला जातो. हीच जात मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी १८७२ मध्ये पुण्याच्या माशांवरून नोंदली होती. म्हणून तुमच्या माशाशेजारी त्याचे जमिनीवरचे नातेवाईक ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

उलटा फसवा प्रकारही तितकाच खरा आहे. होराग्लॅनिसच्या जाती बाहेरून जवळजवळ एकसारख्या दिसतात, पण डीएनएत एकमेकींपासून खूप दूर आहेत. नुसत्या मापांवर थांबलात तर चार जातींची एकच होते.

म्हणून दोन्ही बाजूंनी जा. मापं डिजिटल कॅलिपरने, डावीकडून, ०.१ मिलिमीटरपर्यंत घ्या. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंतची प्रमाण लांबी हे पायाभूत माप, बाकी सगळी त्याच्या टक्केवारीत, आणि डोक्याची मापं डोक्याच्या लांबीच्या टक्केवारीत द्या. प्रत्येक माप वेगवेगळ्या दिवशी दोनदा घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली मऊ, लहान माशाची कडा दिसत नाही तेव्हा हात चुकतोच, आणि दोन आकड्यांतला फरक तुम्हाला तुमचीच चूक दाखवतो. परांचे काटे आणि मिशा मोजा. वामीसारख्या माशांत मोजायला पर नसतात, तिथे क्ष-किरण किंवा सूक्ष्म सीटी स्कॅन करून पोटाचे आणि शेपटीचे मणके वेगवेगळे मोजा. नमुने पुरेसे असतील तर एखादा पारदर्शक करून अॅल्सियन ब्ल्यूने कूर्चा निळी आणि अॅलिझरिनने हाडं लाल रंगवता येतात. जबड्याची रचना इतकी स्वच्छ दुसऱ्या कशात दिसत नाही.

डीएनएसाठी मायटोकॉन्ड्रियातलं कॉक्स-१ जनुक, साधारण ६५० अक्षरांचा तुकडा, ही सर्वमान्य सुरुवात आहे. सोबत १६-एस किंवा सायटोक्रोम-बी घ्या, आणि जमलं तर केंद्रकातलं एखादं जनुक. आलेला क्रम आधी जेनबँकमध्ये, म्हणजे डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक ऑनलाइन साठ्यात, तपासा. डाग लागला असेल तर तिथेच कळतं. ‘दोन टक्के फरक म्हणजे नवी जात’ असा नियम कुठेच नाही. हा फरक मासा कोणत्या कुळातला आहे त्यावर ठरतो. जनुकांचा फरक, शरीराचा फरक आणि भूगोल, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तेव्हाच पुढे जा.

घाई न केल्याचं चांगलं उदाहरण मेघालयातलं आहे. क्रेम उमलाडॉ गुहेतला मासा २०१९ मध्ये जगातला सर्वांत मोठा गुहामासा म्हणून जाहीर झाला, लांबी चाळीस सेंटिमीटरच्या आसपास. तेव्हा तो महासीरच्या, टॉर पुटिटोराच्या, जवळचा वाटत होता. नाव मिळालं चार वर्षांनी, २०२३ मध्ये, आणि तोवर तो निओलिसोचिलस या निराळ्याच कुळातला ठरला होता: निओलिसोचिलस प्नार, तिथल्या प्नार लोकांवरून.

जुनी नावं एश्मायर यांच्या नावाने चालणाऱ्या माशांच्या ऑनलाइन सूचीत पाहा, आणि प्रत्येक जातीचा मूळ लेख वाचा, नंतरचा सारांश नव्हे. शंका असेल तर संग्रहालयातला आदर्श नमुना, म्हणजे ज्या एका माशावर त्या जातीचं नाव टेकलेलं असतं तो, प्रत्यक्ष पाहायला जा.

नाव आणि लेख

प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेच्या काही अटी आहेत, आणि एक जरी राहिली तरी नाव ग्राह्य धरलं जात नाही. जात नवी आहे हे लेखात स्पष्ट लिहिलेलं हवं. इतर जातींपासून ती कशी वेगळी ते लक्षणांत सांगितलेलं हवं. एक नमुना आदर्श नमुना म्हणून नेमून तो कोणत्या संग्रहालयात आहे हे द्यावं; क्रमांकाची सक्ती नाही, पण तोही द्या. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर प्रकाशनाआधी झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी आणि तिचा क्रमांक लेखातच छापलेला असायला हवा. २०१२ पासून हे बंधनकारक आहे आणि नवखे लेखक इथेच चुकतात. आदर्श नमुन्यासोबतचे इतर नमुने दोन संस्थांत विभागून ठेवा, एका ठिकाणी काही घडलं तर दुसरीकडे उरतील. भारतात जैवविविधता कायद्याच्या ३९व्या कलमाप्रमाणे नवी जात नियुक्त भांडारांना कळवणं आणि तिथे नमुना जमा करणं सक्तीचं आहे. प्राण्यांसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण हे असं भांडार आहे.

लक्षणांचा परिच्छेद लिहिताना नकारांवर विसंबू नका. ‘डोळे नाहीत’ हे कुळातल्या सगळ्यांना लागू असेल तर त्याला किंमत नाही. ‘अमुक जातीपेक्षा शेपटीचे मणके जास्त, इतके विरुद्ध इतके’ असं मोजता येणारं वाक्य हवं. नाव विशेषण असेल तर त्याचं लिंग कुळाच्या नावाशी, म्हणजे शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दाशी, जुळवा. व्यक्तीवरून नाव ठेवलं तर पुरुषाला ‘आय’, स्त्रीला ‘ए’ असा षष्ठीचा प्रत्यय लागतो. स्वतःचं नाव देण्याची रीत नाही. आपल्या भाषांतले शब्द खुशाल वापरा. पॅन्जिओ पाताल हे केरळच्या भूजलातल्या माशाचं नाव थेट आपल्या पाताळावरून आलं आहे, आणि राक्थामिक्थिसमध्ये रक्त आहे.

लेख छापून येईपर्यंत नवं नाव व्हॉट्सअॅपवर किंवा वर्तमानपत्रात जाऊ देऊ नका. वर्णनाशिवाय फिरणारं नाव पुढे कायमचा गोंधळ करतं. विहिरीचा अचूक पत्ताही सार्वजनिक करू नका, शोभेच्या माशांच्या व्यापाऱ्यांना तो पुरतो.

छापलेल्या लेखाची प्रत विहिरीच्या मालकाला आणि ग्रामपंचायतीला द्या, आणि सोबत बसून दोन गोष्टी ठरवा. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडते ती मोजून पडावी, आणि शक्य असेल तिथे विहिरीऐवजी वरच्या टाकीत टाकावी, कारण क्लोरीन कल्ल्यांना जाळतं. आणि डासांसाठी गप्पी मासे सोडायचे असतील तर ते या विहिरीत नकोत.